एकच कारण शोधू नका: नव्या जीएफएमसाठी विद्यार्थ्यांवरचा मानसिक भार ओळखण्याची पद्धत

वर्गातला एखादा मुलगा यायचा बंद झाला की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "याला झालं काय?" कुणी सांगतं ब्रेकअप झालंय, कुणी मोबाइलला दोष देतं, कुणी म्हणतं घरचंच वातावरण बरं नाही. प्रत्येकाचं म्हणणं थोडं थोडं खरं असतं. अडचण अशी की एक उत्तर हाती लागलं की चौकशी तिथेच थांबते आणि बाकीची चार कारणं तशीच राहतात.

इंजिनिअरिंग, फार्मसी आणि पॉलिटेक्निक कॉलेजांत रुजू झाल्याबरोबर नव्या प्राध्यापकाला वीस-पंचवीस मुलांचा जीएफएम, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर, नेमतात. कुठे त्याला मेंटॉर म्हणतात, ज्युनिअर कॉलेजात तो वर्गशिक्षक असतो, वसतिगृहात रेक्टर. नेमणुकीचं पत्र हातात पडतं, पण करायचं काय हे सहसा कुणी सांगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तुम्ही डॉक्टर नाही आणि निदान करणं तुमचं काम नाही. मुलावर काय काय साचलंय ते वेळेत दिसणं, त्यातलं जे तुमच्या हातात आहे ते कमी करणं आणि गरज पडली तर त्याला योग्य दारापर्यंत नेणं, एवढं तुम्ही करू शकता, आणि तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

१. घटक एकत्र आले की काय होतं, ते आधी समजून घ्या

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी आइल ऑफ वाइट आणि लंडनमधल्या मुलांचा अभ्यास करून १९७९ साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली. त्यांनी घरातले सहा घटक पाहिले: आईवडिलांची तीव्र भांडणं, खालचा सामाजिक-आर्थिक स्तर, मोठं कुटुंब आणि दाटीचं घर, वडिलांची गुन्हेगारी, आईचा मानसिक आजार आणि मुलाला घराबाहेर देखभालीत ठेवावं लागणं. यातला एकच घटक असलेल्या मुलांचा धोका एकही घटक नसलेल्या मुलांएवढाच निघाला. दोन घटक एकत्र आले तेव्हा तो सुमारे चौपट झाला आणि चार किंवा जास्त असतील तर आणखी कितीतरी वाढला. पुढे १९९८ मध्ये फेलिटी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांनी कॅलिफोर्नियात हजारो प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात झालेल्यांमध्ये दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच आघात नसलेल्यांपेक्षा ४ ते १२ पट आढळला.

जीएफएमसाठी यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. एक अडचण असलेलं मूल बहुधा तग धरतं. दुसरी-तिसरी अडचण येऊन मिळते तेव्हा सावध व्हायचं. आणि चारातली एक जरी कमी करता आली तरी भार एक चतुर्थांशापेक्षा बराच जास्त हलका होऊ शकतो.

घटक एकमेकांशी तीन तऱ्हांनी जोडले जातात. काही वेळा साधी बेरीज होते: घरी आजारपण, इथे बॅकलॉग, वर मेसचं वाईट जेवण. काही वेळा एक घटक दुसऱ्याला चढवतो. घरात कुणाला सायकोसिससारखा (भास, भ्रम होणारा) गंभीर आजार आहे आणि मुलाने कमी वयात गांजा ओढायला सुरुवात केली, तर दोन्ही मिळून होणारा धोका मोठा असतो.

तिसरी तऱ्हा साखळीची, आणि कॉलेजात सगळ्यात जास्त हीच दिसते. फी बाकी आहे म्हणून मुलगा रात्रीची डिलिव्हरी करतो. झोप पाच तासांवर येते. सकाळचं लेक्चर बुडतं. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते, नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये येतं आणि ती यादी नोटीस बोर्डावर लागते. मित्रांसमोर लाज वाटते म्हणून तो कॅम्पसमध्येच येणं टाळतो. हजेरी नाही म्हणून शिष्यवृत्ती अडकते आणि फी पुन्हा बाकी. या वर्तुळात कुठलीच गोष्ट एकटी फार मोठी नाही. शेवटी "अभ्यासात लक्ष नाही" एवढाच शेरा त्याच्या नावापुढे उरतो.

वयही इथे मोजावं लागतं. जगभरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०२२ च्या सुमारास झालं. त्यानुसार मानसिक आजारांपैकी साधारण एक तृतीयांश १४ वर्षांच्या आत, जवळपास निम्मे १८ च्या आत आणि सुमारे ६२ टक्के २५ च्या आत सुरू होतात. अकरावी ते पदवीचं शेवटचं वर्ष नेमकं याच टप्प्यात येतं.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. हे सगळं शक्यतेचं गणित आहे, भाकीत नाही. पाच घटक असलेली असंख्य मुलं नीट उभी राहतात, कारण त्यांच्यामागे एखादी मावशी, एखादा पक्का मित्र, एखादा खेळ किंवा विश्वास ठेवणारा शिक्षक असतो. म्हणून आधार मोजल्याशिवाय धोका मोजायचा नाही.

२. सत्र सुरू होण्याआधी जमवायच्या गोष्टी

- एक स्वतंत्र वही, कुलपातली. कॉलेजच्या मेंटॉर फाइलमध्ये आणि सामायिक गुगल शीटमध्ये फक्त भेटीची तारीख लिहा. नॅक या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या भेटीत ती फाइल दहा जणांच्या हाताखालून जाते.
- प्रत्येक मुलाचे दोन संपर्क: एक पालकांचा आणि एक मुलाने स्वतः सांगितलेला, "अडचणीत तू कुणाला फोन करशील?" या प्रश्नाच्या उत्तरातला. बऱ्याचदा ही दोन माणसं वेगळी असतात.
- टेलिमानस १४४१६. केंद्र सरकारची ही मोफत, चोवीस तासांची मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं. आधी स्वतः एकदा लावून पाहा, म्हणजे मुलाला पर्याय कसे निवडायचे ते सांगता येईल.
- चाइल्डलाइन १०९८ (१८ वर्षांखालील), आपत्कालीन ११२, यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३०.
- जवळच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाचे आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार ओपीडीचे वार व वेळा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो हे विचारून ठेवा. उशिरा पोचून परत आलेला मुलगा पुन्हा जायला तयार होत नाही.
- पीएचक्यू-९ या नैराश्य चाळून पाहणाऱ्या प्रश्नावलीच्या मराठी प्रती, दहा-बारा.
- महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या तारखा आणि कॉलेजातल्या शिष्यवृत्ती विभागातल्या एका माणसाचं नाव.

कॉलेजात समुपदेशक आहे का, हेही पहिल्याच आठवड्यात विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलं आहे. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, हेही त्यातच आहे. नेमणूक कागदावरच असेल तर प्राचार्यांना लेखी विचारणा करा.

३. आठ खाने भरा

प्रत्येक मुलासाठी वहीत एक पान. पानावर आठ खाने आणि प्रत्येक खान्यात दोन खुणा: ही गोष्ट जुनी आहे की गेल्या सहा आठवड्यांतली, आणि ती बदलता येण्याजोगी आहे की नाही. सगळं पहिल्याच भेटीत भरायचं नाही. दोन-तीन भेटींत, सहज बोलता बोलता भरतं.

घर. कोण कोण आहे, कुणाचं आजारपण, कर्ज, भांडणं, दारू. घरात कुणी आत्महत्या केली आहे का, हे फार महत्त्वाचं आहे आणि सहसा विचारलं जात नाही. शेतकरी कुटुंबातला मुलगा असेल तर यंदा पीक कसं आहे, हा सरळ प्रश्न बरंच काही सांगून जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत ऑक्टोबरनंतर सहा-सहा महिने आईवडील गावात नसतात. धाकटी भावंडं कुणाकडे आहेत, याची काळजी हा मुलगा इथे बसून करत असतो.

पैसा. फी, खोलीचं भाडं, मेस. "गेल्या आठवड्यात एखादं जेवण चुकवलंस का?" असं विचारा, "पैशाची अडचण आहे का?" याला बहुतेक मुलं नाही म्हणतात. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अॅपचा आणि ऑनलाइन जुगाराचा प्रश्न वेगळा विचारा. त्यांतली वसुलीची धमकी आणि बदनामीची भीती काही दिवसांत मुलाला कोंडीत पकडते.

अभ्यास. बॅकलॉग किती, इयर डाउनची, म्हणजे वर्ष वाया जाण्याची शक्यता आहे का, कुठल्या माध्यमातून आला. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येणारी मुलं वर्ग सुरू झाल्यावर कित्येक दिवसांनी वर्गात बसतात आणि पहिल्याच सत्रात त्यांना एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, गाठतं. वाचताना अक्षरं उलटसुलट होणं, तोंडी उत्तम पण लेखी शून्य असं दिसलं तर शिकण्याची अक्षमता कधी तपासली होती का ते विचारा. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

शरीर. झोपेचे तास नेमके विचारा: झोपतोस किती वाजता, उठतोस किती वाजता. १८ वर्षांपर्यंत ८ ते १० तास आणि त्यानंतर ७ ते ९ तास झोप लागते. थकवा, चिडचिड, एकाग्रता नसणं हे नैराश्यातही असतं आणि रक्तक्षयातही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून थकलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगणं ही मनाच्या आरोग्याचीच पहिली पायरी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवायला लावा.

माणसं. जेवायला कुणाबरोबर बसतो? खोलीवर बोलणारं कुणी आहे का? ब्रेकअप, रॅगिंग, ग्रुपमधून काढून टाकणं, जातीवरून टोमणे, रंगरूपावरून किंवा बोलीवरून हसणं. समलिंगी किंवा ट्रान्स असलेल्या मुलांवर घर आणि मित्र या दोन्ही बाजूंनी ताण असतो. त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही तर खोदून काढू नका, आणि सांगितलं तर ते तुमच्याकडेच राहील याची खात्री द्या.

व्यसन आणि मोबाइल. काय, किती, केव्हापासून, आणि एकटा असताना घेतो का. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. रात्री दोन वाजेपर्यंत रील्स पाहणारा मुलगा कधी कधी मोबाइलमुळे जागत नाही, झोपच येत नाही म्हणून मोबाइल पाहतो. कुठलं आधी आलं ते विचारा.

आधीचा इतिहास. पूर्वी उपचार, स्वतःला इजा, आत्महत्येचा प्रयत्न, लहानपणची मारहाण किंवा लैंगिक अत्याचार. पुढच्या प्रयत्नाचा धोका सांगणाऱ्या घटकांत आधीचा प्रयत्न सगळ्यात वजनदार असतो.

आठवा खाना आधारांचा. कुणाला मनातलं सांगतो, काय करताना वेळ कसा जातो ते कळत नाही, कुठल्या सणाला घरी जायची ओढ असते. हा खाना रिकामा असेल तर बाकीचे खाने अर्धे भरलेले असले तरी त्या मुलाला यादीत वर घ्या.

आता पान वाचायचं. एकूण घटक किती, याहून गेल्या सहा आठवड्यांत नवे किती आले ते आधी पाहा. जुनी गरिबी, जुनं भांडण यांची मुलाने काहीतरी घडी बसवलेली असते. त्यावर दोन-तीन नव्या गोष्टी एकदम आल्या की ती विस्कटते. दोन नवे घटक दिसले तर आठवड्याच्या आत भेटा. तीन किंवा जास्त असतील आणि आधाराचा खाना रिकामा असेल तर त्याच दिवशी. या सीमा आपल्या कामाच्या सोयीसाठी आहेत. मन सांगत असेल तर आकड्याची वाट पाहू नका.

४. बोलायला बसवा

स्टाफरूम टाळा. दार उघडं पण आवाज बाहेर जाणार नाही अशी जागा, अर्धा तास, तुमचा फोन बंद. मुलगी असेल आणि तिला हवी असेल तर तिची मैत्रीण दाराशी थांबू दे.

सोप्यापासून अवघडाकडे जा: घर, अभ्यास, जेवण-झोप, छंद, मित्र, व्यसन, नाती आणि शेवटी मरणाचे विचार. किशोरवयीनांशी बोलताना जगभर हाच क्रम वापरतात, कारण तोवर मुलाला तुमचा आवाज ओळखीचा होतो.

सुरुवात जे दिसलं त्यावरून करा. "गेल्या तीन आठवड्यांत तू प्रॅक्टिकलला चारदा आला नाहीस आणि मागच्या बाकावर एकटा बसतोस. मला काळजी वाटली म्हणून बोलावलंय, ओरडायला नाही." मग गप्प बसा. शांतता लांबली तर ती आपण भरून काढतो, आणि मुलाचं पहिलं खरं वाक्य तिथेच हरवतं.

"का केलंस?" याऐवजी "केव्हापासून असं होतंय?" विचारा. "आमच्या वेळी...", "इतकं काय त्यात", "आईवडिलांचा विचार कर" ही तीन वाक्यं निर्धाराने टाळा. तिसरं तर फार घातक आहे, कारण भार झालेल्या मुलाला आधीच वाटत असतं की आपण घरच्यांवर ओझं आहोत.

"कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. सांगा, "हे आपल्यातच राहील. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला मदत घ्यावी लागेल, आणि तेव्हाही आधी तुला सांगेन." अकरावी-बारावीचं मूल बहुधा १८ वर्षांखालचं असतं. त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं गुन्हा आहे. ही मर्यादा बोलणं सुरू होतानाच सांगितली तर नंतर विश्वासघात वाटत नाही.

मूल तयार असेल तर पीएचक्यू-९ भरायला द्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा अधिक आली तर तज्ज्ञाकडे पाठवा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यात ० सोडून काहीही असेल तर एकूण बेरीज कितीही असो, पुढची पायरी लगेच. ही चाळणी आहे, निदान नाही. आकडा मुलाला रिझल्टसारखा वाचून दाखवू नका, आणि पूर्ण वर्गाला एकदम भरायला तर अजिबात देऊ नका. तीस कागद गोळा करून कपाटात ठेवले आणि त्यातला एक नववा प्रश्न दोन दिवस कुणी वाचलाच नाही, तर त्याची जबाबदारी आपली.

५. थेट विचारा

"इतका त्रास होतोय, तर जगणं नको असं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?" हे शब्द तोंडून निघायला जड जातात. विचारल्याने विचार डोक्यात भरवला जातो ही भीती निराधार आहे. अभ्यासांतून तसं आढळलेलं नाही. उलट बऱ्याच मुलांना हायसं वाटतं.

उत्तर हो असेल तर आवाज न बदलता पुढचं विचारा: किती वेळा येतो, कसं करायचं हे ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, केव्हा, आधी प्रयत्न केला होता का, आणि आजवर कशामुळे थांबलास. शेवटचं उत्तर आधाराच्या खान्यात लिहा.

काही घटक एकत्र आले तर धोका तासांत मोजावा लागतो: आधीचा प्रयत्न, दारू किंवा नशा, दोन-तीन रात्रींचं जागरण, नुकताच झालेला अपमान (कॉपीची केस, व्हायरल झालेला फोटो, सर्वांसमोरचा ओरडा) आणि साधन हाताशी असणं. योजना ठरलेली असेल किंवा यातले दोन-तीन घटक दिसत असतील तर:

- मुलाला एकटं सोडू नका, बाथरूमपर्यंतही सोबत कुणी असू दे.
- त्याला विश्वासात घेऊन साधन दूर करा. गावी घरात कीटकनाशक असतं. ते शेजाऱ्याकडे किंवा कुलपात हलवायला पालकांना सांगा. औषधांचा साठाही.
- पालकांना फोन करा, मूल समोर असताना. "ताबडतोब या, पण रागावू नका. तो सुरक्षित आहे, आजारी आहे, आपण डॉक्टरांकडे नेतोय."
- त्याच दिवशी सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत किंवा मनोविकार ओपीडीत न्या. वाटेत १४४१६ वर बोलता येईल.

प्रयत्न झालाच असेल तर पोलीस केसच्या भीतीने लपवाछपवी करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं, दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करेल, पोलीस जबाब घेतील. तो उपचाराचा नेहमीचा भाग समजा.

६. कोणता भार आधी उतरवायचा

नवा जीएफएम सगळ्यात मोठ्या घटकाला हात घालतो: वडिलांची दारू, घरचं कर्ज. ते सत्रात सुटत नाही, आणि दोन भेटींनंतर दोघंही थकतात. नियम उलटा ठेवा. जो घटक आठवड्याभरात हलवता येईल तो आधी, मग तो कितीही किरकोळ वाटो. साखळीतली एक कडी निघाली की पुढच्या दोन ढिल्या होतात.

समजा, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली एक मुलगी आहे. मराठवाड्यातलं गाव, सोयाबीनचं नुकसान, वडिलांवर कर्ज. कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन) राहते, मेस एकच वेळ. वर्गात उशिरा आली, एम-थ्री समजत नाही, इंग्रजीत प्रश्न विचारायला घाबरते. गेल्या महिन्यात मित्राशी फाटलं. हजेरी ५८ टक्के, नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये. पीएचक्यू-९ ची बेरीज १३, नववा प्रश्न शून्य.

घटक सहा-सात आहेत. यांतले नवे: प्रवेशाचा धक्का, ब्रेकअप, जाहीर यादी. क्रम असा लावता येईल. पहिल्या दिवशी हजेरी तपासा: बऱ्याचदा ती सत्राच्या पहिल्या दिवसापासून मोजलेली असते. प्रवेशाच्या तारखेपासून मोजली तर टक्केवारी वर जाते आणि यादीतून नाव निघतं. त्याच आठवड्यात दुसऱ्या वेळच्या मेसची सोय आणि शिष्यवृत्तीचा अर्ज. एम-थ्रीसाठी मागच्या वर्षी डिप्लोमातूनच आलेला कुणी सीनिअर जोडून द्या. टॉपरपेक्षा त्याची भाषा तिला जवळची वाटते, आणि तिच्या आधाराच्या खान्यात एक नाव वाढतं. दहाव्या दिवसाच्या आत समुपदेशक किंवा मनोविकार ओपीडी. ब्रेकअपचं बोलणं तिथे होऊ दे.

पैशासाठी कामाच्या काही योजना: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम योजना, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अर्ज अडतात ते उत्पन्नाचा दाखला जुना असणं, बँक खातं आधारशी जोडलेलं नसणं आणि दाखल्यावरचं नाव वेगळं असणं या तीन कारणांनी. दाखला, जात प्रमाणपत्र, आधार, पासबुक, गुणपत्रिका, गॅप असल्यास प्रतिज्ञापत्र हे संच मुलांकडून सत्राच्या सुरुवातीलाच करून घ्या.

काही गोष्टी तुम्ही सगळ्या वर्गासाठी एकदम बदलू शकता. डिफॉल्टर लिस्ट बोर्डावर लावण्याऐवजी ज्याची त्याला कळवा. सबमिशनच्या तारखा सगळ्या विषयांच्या एकाच आठवड्यात पडत असतील तर सहकाऱ्यांशी बोलून दोन पुढे ढकला.

७. तज्ज्ञाकडे पाठवताना

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार आणि चाचण्या करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारायला संकोच करू नका. समुपदेशक ही पाटी आज कुणीही लावतं, म्हणून शिक्षण विचारा. भास होणं, उगाच संशय घेणं, झोपेशिवाय दिवसचे दिवस प्रचंड उत्साह आणि उधळपट्टी, खाणंपिणं सुटणं अशी लक्षणं असतील तर थेट मनोविकारतज्ज्ञ.

सोबत न्यायचं: आधार कार्ड, जुने केसपेपर, चालू औषधांच्या पट्ट्या, रक्ताचे रिपोर्ट आणि तुमची चार ओळींची चिठ्ठी. चिठ्ठीत निदान लिहू नका. जे दिसलं ते तारखेसह लिहा. १८ वर्षांखालील मुलाबरोबर पालक हवेत. पहिल्या भेटीला शक्यतो कुणी तरी सोबत जावं, कारण रांगेतून परत फिरणारी मुलं बरीच असतात.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. २५ वर्षांखालील रुग्णांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष द्यावं लागतं. अस्वस्थता वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करणं हे आजार उलटण्याचं नेहमीचं कारण आहे. देवऋषी, गंडेदोरे यावर घरच्यांशी वाद घालत बसू नका. "ते चालू ठेवा, पण गोळी चुकवू नका" एवढं पदरात पाडून घ्या.

डॉक्टर तुम्हाला मुलाची माहिती देणार नाहीत; गोपनीयता हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. तुम्हाला हवं ते फक्त "कॉलेजकडून काय सवलत लागेल?" याचं उत्तर, आणि तेही मुलाच्या संमतीने.

८. पाठपुरावा आणि हस्तांतर

मरणाचे विचार बोलून दाखवलेल्या मुलाला ४८ तासांत पुन्हा भेटा, मग दर आठवड्याला, महिनाभराने पुन्हा पीएचक्यू-९. कॅलेंडरवर आधीच खुणा करा: इंटर्नलचे निकाल, विद्यापीठाचा निकाल, प्लेसमेंटची यादी, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा, घरातल्या मृत्यूचं वर्षश्राद्ध. रुग्णालयातून परत आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वात नाजूक असतात. तेव्हा "बरा दिसतोय" म्हणून भेट टाळू नका.

दर भेटीत पान उघडा आणि एकच गोष्ट पाहा: नवा घटक आला का, आणि एखादा निघाला का. निघाला असेल तर ते मुलाला सांगा.

वर्ष संपून तुमची मुलं दुसऱ्या जीएफएमकडे जातील. पान जसंच्या तसं देऊ नका. मुलाला बसवून विचारा, "नव्या मॅडमना यातलं काय सांगू?" जेवढं तो म्हणेल तेवढं एका कागदावर त्याच्यासमोर लिहा, पुढच्या भेटीची तारीख ठरवा, शक्य असेल तर तिघांची एक भेट घडवा, आणि जुनं पान त्याच्यासमोर फाडून टाका.